सात वर्षांनी आपोआप कोरे

१२ ऑगस्ट, सोमवार

मेपल रस्त्याच्या चौकात शाळेच्या मुलांना रस्ता ओलांडून देणाऱ्या लुट्झबाई निवृत्त होऊन फ्लोरिडाला चालल्या आहेत. जागा रिकामी होत आहे. ती मी स्वीकारावी, असा निर्णय आज न्याहारीच्या वेळी घेतला.

कारणे : बालकांची सुरक्षितता, गावातील वाहनचालकांची ढासळलेली शिस्त, आणि एक्केचाळीस वर्षे भाषा शिकवून कमावलेला आवाज वाया जात असणे.

माझी नात नेली याच चौकातून रोज सकाळी शाळेत जाणार आहे, हा निव्वळ योगायोग आहे. तिची आई, म्हणजे माझी मुलगी कॉनी, घटस्फोटानंतर जूनमध्ये गावी परतली. राहते चार गल्ल्या पलीकडे. मला बोलावणे मात्र फक्त रविवारच्या जेवणाचे. कारण विचारले तेव्हा म्हणाली, "बाबा, तिनं तुमचं चित्र काढलं, खाली चार ओळी लिहिल्या, आणि तुम्ही त्यात लाल पेननं स्वल्पविराम घातलेत. पोरगी दोन आठवडे चित्रच काढत नव्हती."

हे अतिशयोक्त आहे. पहिल्या ओळीत मी पेन्सिल वापरली होती.

१५ ऑगस्ट, गुरुवार

शाळेच्या कार्यालयात गेलो. कारभार पॅटी ओडमकडे आहे. माझीच विद्यार्थिनी, तिच्या निबंधांत वाक्ये सुरू होत, संपत नसत. मला पाहताच ती उठून उभी राहिली. संस्कार टिकतात.

अर्ज घरी आणला. नववा प्रश्न असा : "आपल्याला कधी कोणत्याही गुन्ह्यासाठी दोषी ठरवण्यात आले आहे का? किरकोळ गुन्हेही धरावेत."

येथे २०१६ सालच्या डिसेंबरातील घटनेचा उल्लेख करणे भाग आहे. समोरच्या घरातील ड्वेन होस्टेटलर या प्लंबरने आपल्या अंगणात पंख्याने फुगणारा सांताक्लॉज उभा केला होता. उंची छपराएवढी. तो आतून उजळे, डुले, आणि माझ्या शयनगृहाकडे पाहून दिवसरात्र हात हलवी. एके सकाळी मी पाचोळा गोळा करण्याचा काटा घेऊन सांताची पाहणी करण्यास गेलो. काटा सांताला लागला. व्याकरणदृष्ट्या या वाक्याचा कर्ता काटा आहे, मी नाही. न्यायालयाने वाक्याचे पृथक्करण चुकीचे केले आणि "परक्याच्या मालमत्तेची नासधूस" असा किरकोळ गुन्हा माझ्या नावावर लावला. दंड भरला. विषय संपला.

संपला का, याची उद्या खात्री करून घेतो.

१६ ऑगस्ट, शुक्रवार

खात्री झाली. केस कापून घेताना न्हावी व्हर्जिलला सहज विचारले, किरकोळ गुन्हा नोंदीवर किती काळ राहतो. माझ्याविषयी नव्हे; एका परिचिताविषयी.

"सात वर्षं," व्हर्जिल म्हणाला. "सात वर्षं झाली की आपोआप कोरं. माझ्या मेव्हण्याचं तसंच झालं. एका सकाळी उठला तर सगळं साफ."

शेजारच्या खुर्चीवरचे गृहस्थही म्हणाले, हो, सातच. सगळ्यांना ठाऊक आहे. मग व्हर्जिलने आरशात माझ्याकडे पाहून विचारले, "तुमच्या परिचिताला विचारा, सर, काटा अजून घरात ठेवतो का तो?"

हिशेब स्पष्ट आहे. सातावर काही महिने होऊन गेले. जी नोंद अस्तित्वात नाही तिच्याविषयी "होय" लिहिणे म्हणजे असत्यकथन होईल. नवव्या प्रश्नापुढे सुवाच्य अक्षरात "नाही" लिहिले, पुढे पूर्णविराम दिला.

२० ऑगस्ट, मंगळवार

सराव सुरू. प्लायवूडचा अष्टकोन कापून, लाल रंगवून, त्यावर पांढऱ्या अक्षरांत "थांबा" लिहिले. शिट्टी, पांढरे हातमोजे आणि चमकणारा नारिंगी अंगरखा दुकानातून आणला. घरासमोरच्या वाटेवर उभा राहून दोन्ही दिशांची वाहतूक रोखली.

होस्टेटलर आपल्या पायरीवर कॉफी पीत होता. "सर, गाडी कुठंय?"

गाडी कल्पिलेली आहे, असे मी सांगितले.

"मग ती थांबली का?"

थांबली, म्हटले.

"भारी! माझ्यानं असल्या गाड्या थांबायच्या नाहीत. मीपण अर्ज टाकलाय बरं का. पाठ गेली कामातून. आता दुसऱ्यांच्या सिंकखाली घुसवत नाही." जाता जाता पुन्हा वळला. "सर, यंदा नवा सांता मागवलाय. उभा करायला या हाताखाली. फक्त काटा घरी ठेवून या."

माणूस स्वभावाने वाईट नाही. त्याच्या अर्जाविषयी मात्र मला मनापासून कीव वाटते.

२२ ऑगस्ट, गुरुवार

शेरीफच्या कार्यालयात बोटांचे ठसे दिले. अर्जदारांची तपासणी राज्याच्या नोंदीशी ताडून होते. ठसे घेणारा तरुण शिपाई ब्रॉक माझी बोटे काचेवर पुन्हा पुन्हा दाबत राहिला. शेवटी म्हणाला, "सर, तुमच्या बोटांवर काही उरलंच नाही हो."

एक्केचाळीस वर्षांच्या खडूचा परिणाम, असे मी समजावले. मनात आले, हा शुभशकुन आहे. बोटेसुद्धा कोरी.

२५ ऑगस्ट, रविवार

कॉनीकडे जेवण. खिम्याचा मीटलोफ, उकडलेली मक्याची कणसे. टेबलाच्या आसपासची सर्व पेने आधीच उचलून ठेवलेली आढळली. लक्ष दिले नाही.

कणीस खाऊन झाल्यावर माझा निर्णय जाहीर केला. नेलीने चमचा खाली ठेवला. "म्हणजे रोज? रोज सकाळी तुम्ही तिथं असणार?"

पावसातसुद्धा, म्हणालो.

"आणि शिट्टी? एकदा मला वाजवायला द्याल?"

नियमात बसत असेल तर, असे सांगितले. नियमात बसत नसणार. देईन.

ती तडक आत गेली आणि चित्र काढून आली. चित्रात मी शाळेपेक्षा उंच आहे आणि माझ्या हातातील फलक माझ्यापेक्षा मोठा. खाली दोन ओळी. मी त्या वाचल्या आणि चित्र घडी न करता खिशात ठेवण्याचा प्रयत्न केला. कॉनी पाहत होती. दारापर्यंत पोचवायला आली तेव्हा हळूच म्हणाली, "बाबा, अर्जात सगळं खरं लिहिलंत ना? तिनं आता मनावर घेतलंय."

अर्जात एकही चूक नाही, असे मी तिला छातीठोकपणे सांगितले.

३० ऑगस्ट, शुक्रवार

पॅटीचा दूरध्वनी. राज्याकडून नोंद आली आहे म्हणे. नोंदीत मी आहे.

दुसरा कोणी अल्डन प्रुइट असेल, असे सुचवले. देश मोठा आहे.

"असतील हो, सर, पुष्कळ असतील," पॅटी म्हणाली. "पण त्यांतल्या कितींनी सांताक्लॉज मारला असेल?"

सोमवारी कामगार दिनाची सुट्टी. मंगळवारी शाळा सुरू. त्याआधी हा गैरसमज दूर व्हायलाच हवा. आत्ताच निघतो.

तोच दिवस, दुपारी

गैरसमज पूर्णपणे दूर झाला नाही.

पॅटीने मला खुर्ची दिली, पाणी दिले, आणि एक छापील यादी पुढे ठेवली. कोणत्या गुन्ह्यांमुळे माणसाला शाळेजवळ उभे करीत नाहीत, त्याची. मुलांना इजा, अमली पदार्थ, शस्त्रे, असे बरेच काही. मी ती दोनदा वाचली. सांताक्लॉज त्यात नाही.

"नाहीच आहे," पॅटी म्हणाली. "वारा भरलेल्या सांताला कायदा माणूस धरत नाही. तुम्ही 'होय' लिहिलं असतंत ना, सर, तर आम्ही हसलो असतो आणि तुम्हाला मंगळवारी फलक दिला असता. पण तुम्ही 'नाही' लिहिलंत. खोटं उत्तर म्हणजे अर्ज बाद. या शालेय वर्षात पुन्हा करता येत नाही. नियम माझा नाही हो."

सात वर्षांचा मुद्दा मी सविस्तर मांडला. ती ऐकत राहिली. नंतर म्हणाली, "सर, तुम्हीच वर्गात सांगायचात. उत्तर चुकलं तर मी समजावून देईन, पण दुसऱ्याची वही बघून लिहू नका. कुणाची वही बघितलीत?"

व्हर्जिलचे नाव मी सांगितले नाही. मी चुगलखोर नाही.

३१ ऑगस्ट, शनिवार

व्हर्जिलकडे गेलो. केस कापायचे नव्हते, कापून घेतले. मेव्हण्याच्या नोंदीविषयी पुन्हा विचारले. तिचे नेमके स्वरूप काय होते?

"अहो, बँकेचं. गाडीचे हप्ते थकवले होते त्यानं. सात वर्षांनी बँकेच्या नोंदीतून गेलं." कात्री थांबली. "का? तुमच्या परिचितानं बँक थकवली नव्हती का?"

शेजारच्या खुर्चीवर आज दुसरे गृहस्थ होते. तेही म्हणाले, हो, सातच. सगळ्यांना ठाऊक आहे. या गावात ज्ञानाची ही अवस्था आहे.

३ सप्टेंबर, मंगळवार

चौकात होस्टेटलर उभा होता. शाळेचा अंगरखा, शाळेचा फलक.

संध्याकाळी बायकोने केलेला झुकिनीचा पाव घेऊन दारात आला. "सर, तुमची जागा घेतल्यासारखं वाटतंय मला."

नवव्या प्रश्नाला त्याने काय लिहिले होते, एवढेच मी विचारले.

"सगळं लिहिलं. परवाना नसताना मासे धरले ते. आणि दारू पिऊन गवत कापायचं यंत्र हायवेवरून पेट्रोलपंपापर्यंत चालवलं ते. जागा पुरेना, तर मागच्या बाजूला लिहिलं. पॅटी हसून हसून टेबलाखाली गेली. म्हणाली, मंगळवारपासून या."

पाव चांगला होता. अर्धाच खाल्ला.

कॉनीला दूरध्वनी करून परिस्थिती कळवली. तिने सगळे ऐकून घेतले. नंतर म्हणाली, "ती सकाळी चौकात उभी राहून तुम्हाला शोधत होती, बाबा. मला उशीर झाला कामाला."

९ सप्टेंबर, सोमवार

आता मुळावरच घाव घालावा. न्यायालयात गेलो. खिडकीमागच्या कारकून बाईंना नाव सांगून सरळ विचारले : किरकोळ गुन्हा नोंदीवर किती काळ राहतो?

"तुम्ही आहात तोवर," त्या म्हणाल्या. "आणि तुमच्यानंतरही. आपोआप काही जात नाही, आजोबा. अर्ज करून झाकून घ्यावी लागते नोंद. शिक्षा पुरी झाल्यावर एका वर्षानं अर्ज करता येतो. तुमचं म्हणजे..." त्यांनी पडद्यावर पाहिले. "अगंबाई. सांता. हा अर्ज तुम्हाला केव्हाच करता आला असता की. न्यायाधीशांनी सांगितलं नव्हतं का?"

तेव्हा आठवले. न्यायाधीश महोदय बोलले होते. त्यांचे वाक्य "एका वर्षानंतर आपण जर" असे सुरू झाले होते, आणि मग त्यात उपवाक्यात उपवाक्य शिरत गेले. क्रियापद कोठे येते याची मी उत्सुकतेने वाट पाहत होतो. ते आलेच नाही. मी मनातल्या मनात दहापैकी चार गुण दिले. आशयाकडे लक्ष देण्यास सवड मिळाली नाही.

अर्ज दाखल केला. सुनावणी १७ ऑक्टोबरला. नोंद झाकली गेली की पुढच्या शालेय वर्षी नवव्या प्रश्नापुढे खरोखरीचे "नाही" लिहून शाळेपुढे ताठ मानेने उभा राहीन. कारकून बाईंनी अर्जावर शिक्का मारताना बजावले, "तोवर नवीन काही करू नका हं. एखादा खटला चालू असला तर हे पुढं सरकत नाही."

मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे. नवीन काय करणार?

२६ सप्टेंबर, गुरुवार

हल्ली सकाळी पक्षिनिरीक्षण करतो. दुर्बिणीतून. टपालपेटीशेजारच्या बाकावरून पक्षी उत्तम दिसतात, चौकही दिसतो.

होस्टेटलरची पद्धत सदोष आहे. फलक खांद्यावर टाकतो. प्रत्येक मुलाला टाळी देतो. काल चौकात दोन पावले नाचला. मुले हसत होती. नेलीसुद्धा. मग तिने मागे वळून रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे पाहिले. मी दुर्बीण झाडाकडे वळवली.

कोणताही उल्लेखनीय पक्षी दिसला नाही.

३ ऑक्टोबर, गुरुवार

आजचा दिवस सविस्तर आणि वस्तुनिष्ठपणे नोंदवणे आवश्यक आहे.

शाळेची वेळ झाली तरी होस्टेटलर चौकात नव्हता. (पाठ धरली होती, हे नंतर कळले.) मुले पदपथावर साचली होती. माझा फलक, अंगरखा, हातमोजे व शिट्टी योगायोगाने मोटारीत होती. सप्टेंबरपासून योगायोगाने तेथेच असतात.

मी रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो. फलक उंचावला. वाहने थांबली. कल्पिलेली नव्हे, खरी. दुधाचा ट्रक, दोन पिकअप, आणि त्यांच्यामागे गावच जणू. "आजोबा!" असे कोणीतरी ओरडले आणि नेली धावत आली. तिने माझा हात धरून रस्ता ओलांडला, परत आली, आणि पुन्हा ओलांडला. शिट्टी तिला दिली. नियमात बसत होते की नाही, हे विचारण्यास जवळपास कोणी नव्हते.

दरम्यान शाळेने होस्टेटलरच्या जागी पॅटीला पाठवले होते. ती अधिकृत फलक घेऊन पलीकडच्या कोपऱ्यावर आली. ती जेव्हा "जा" म्हणे, तेव्हा मी "थांबा" दाखवी. यामुळे दोन्ही दिशांची वाहने पेट्रोलपंपापर्यंत तुंबली, ही गोष्ट खरी आहे. परंतु त्यात चूक कोणाची, हे इतिहास ठरवील.

तुंबलेल्या वाहनांत शेरीफची गाडीही होती. तीतून ब्रॉक उतरला. "सर, हा फलक कुणाचा?"

माझा, म्हटले.

"घरी केलाय?"

अक्षरे तपासून पाहा, म्हटले, निर्दोष आहेत.

"अक्षरं झकास आहेत, सर. आता बाजूला व्हा."

शेवटचे मूल ओलांडल्याखेरीज होणार नाही, असे मी बजावले.

"सर, मुलं सगळी गेली. घंटा झाली. शिट्टी वाजवतेय ती तुमचीच नात आहे. परत एकदा सांगतो, बाजूला व्हा. सर, प्लीज. मला लिहायला लावू नका."

मी झालो नाही. का झालो नाही, हे आता नीट आठवत नाही. नेली त्या क्षणी माझ्याकडे फारच अभिमानाने पाहत होती.

ब्रॉकने लिहिले. सार्वजनिक रहदारीस अडथळा. किरकोळ गुन्हा. कागद माझ्या हातात देताना त्याचा चेहरा माझ्यापेक्षा उतरलेला होता. त्यात शुद्धलेखनाच्या तीन चुका आहेत. मी त्या दाखवल्या नाहीत, यावरून माझी मनःस्थिती कळावी.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

सुनावणी. होस्टेटलर टाय लावून आला होता. नुकसान झालेल्या पक्षाला आक्षेप आहे का, हे न्यायालय विचारते. त्यासाठी रजा घेऊन, पाठीला पट्टा बांधून आला. उभा राहून म्हणाला, "साहेब, माझा काही आक्षेप नाही. सांता फुटला तेव्हा मी चिडलो होतो. मग दुसरा घेतला. शेजारी दुसरा कुठून घेऊ?"

मी त्याच्याकडे पाहिले नाही.

न्यायाधीश तेच आहेत. त्यांनी चष्मा पुसला. "मिस्टर प्रुइट, मागल्या वेळी मी काय सांगितलं होतं, आठवतं?"

आरंभ आठवतो, असे मी प्रामाणिकपणे सांगितले.

"मग यंदा लहान वाक्यं वापरतो. तुमच्यावर खटला चालू आहे. म्हणून हा अर्ज आज चालणार नाही. नवा दंड भरा. त्यानंतर एक वर्ष थांबा. वर्षभर काही करू नका. मग या. कळलं?"

आठ वाक्ये, प्रत्येकात क्रियापद. कळले. दहापैकी दहा.

म्हणजे पुढच्या शालेय वर्षीही चौक नाही. त्यानंतर नेलीची प्राथमिक शाळा संपून शाळाच बदललेली असेल.

२० ऑक्टोबर, रविवार

कॉनीकडे जेवण. काय बोलावे, याची चार वाक्ये आधीच तयार ठेवली होती. पहिलेच वाक्य मध्यावर अडकले. तिने पुढ्यात भाजी वाढली आणि विचारले, "बाबा, तुम्ही तिला हात धरून शाळेत का नेत नाही?"

तपासणी लागेल, म्हटले. ठसे लागतील.

"स्वतःच्या नातीला रस्त्यानं चालवत न्यायला? कुणाचे ठसे? मी रोज कामाला उशिरा पोचते. तुम्ही जूनमध्येच विचाराल म्हणून वाट बघत होते मी." मग चमचा रोखून म्हणाली, "एकच अट. पेन घरी."

हा मार्ग मला अर्थातच आधीपासून दिसत होता. तो योग्य वेळी निवडावा, एवढाच माझा विचार होता.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

नेलीला घेऊन निघालो. वाटेत ती अखंड बोलत होती. पहिल्या गल्लीपर्यंत तिच्या बोलण्यात मी दोषांची गणती करीत होतो. पुढे ती विसरलो.

कोपऱ्यावर आलो तेव्हा होस्टेटलरने फलक आडवा धरून मला इतर मुलांसारखेच कडेला उभे केले. "थांबा, सर. तुमच्यासारख्यांवर फार लक्ष ठेवावं लागतं." थांबलो. आमच्यामागे दहा-बारा मुले गोळा झाली. नेलीने माझा हात उंच धरला आणि मोठ्या अभिमानाने सर्वांना माझी ओळख करून दिली.

"हे माझे आजोबा. ह्यांनी सांताक्लॉजला मारलंय. काट्यानं. पोलिसांकडे लिहिलेलं आहे!"

कोणी हलेना. पुढच्या रांगेतील एक चिमुरडी माझ्याकडे पाहत राहिली. "मग या ख्रिसमसला?" तिने विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता भोकाड पसरले. तिच्यामागून दुसरी. मग सगळी पहिली इयत्ता. होस्टेटलर फलक खाली ठेवून, पाठ धरून, पोट धरून हसत होता. वाहने थांबलेलीच होती.

उद्याही जायचे आहे. नेलीने शपथ घातली आहे.

न्यायालयातील नोंद एका वर्षाने झाकता येते, हे आता निश्चित झाले. पहिल्या इयत्तेतील नोंद किती काळ राहते, आणि त्यासाठी अर्ज कोणत्या खिडकीवर करावा, याची चौकशी करणे. व्हर्जिलला विचारू नये.